भाद्रपदातली पट्टी

नांदेड
सोमवार, ८ डिसेंबर २०२५
संध्याकाळचे पाच वाजून वीस मिनिटं

शिवकन्या,

कापूस एका हाताने दाबून धरला आहे आणि दुसऱ्या हाताने लिहिते आहे. बसता येत नाही, म्हणून कागद खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आहे. आजचं इंजेक्शन अक्षरा नावाच्या सिस्टरने दिलं. बावीस वर्षांची असेल. एका कानात इअरफोनचं बोंड होतं आणि ती कोणाला तरी सांगत होती की निळा नको, मरून घे. सुई आत असताना साडीचा रंग ठरला.

तू, भीमाशंकर आणि मुलं बरी असाल. इथे आम्ही ठीक आहोत. असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं.

तुझी शेकायची पिशवी माझ्याकडे राहिली आहे. ती परत करायची म्हणून हे पत्र. जावेचा फोन तू उचलत नाहीस आणि माझ्या फोनमधले मेसेज मार्तंड वाचतो. नवरा आहे, त्याला त्यात गैर वाटत नाही. आपल्यात लपवायचं काय आहे, असं तो म्हणतो. म्हणून कागद. पत्ता तुझ्या आरोग्य उपकेंद्राचा घालते. मुखेडच्या पोस्टात रजिस्टर पत्र पोचतं असं ऐकलं आहे.

आम्ही शनिवारपासून नांदेडात आहोत. हॉस्पिटलच्या समोरच्या लॉजवर, दुसरा मजला. लॉजचा मालक आल्या आल्या विचारतो, दाखवायला का ठेवायला? गर्भ ठेवायला आलेल्यांना तो खालच्या मजल्याच्या खोल्या देतो, जिने नकोत म्हणून, आणि दोनशे रुपये जास्त घेतो. मार्तंडने दाखवायला असं सांगितलं. आता मी दिवसातून चार वेळा जिने चढते आणि तो मागून म्हणतो, सावकाश.

हॉस्पिटल तू पाहिलं आहेस. भिंतीवर अजून तीच गोरी, लठ्ठ, निळ्या डोळ्यांची पोरं. त्यांच्याखाली आपल्याकडच्या बायका रांगेने बसतात, एकीच्याही सात पिढ्यांत निळा डोळा नसेल. प्रत्येकीच्या शेजारी एक नवरा. तो फाइल धरतो. त्याच्या वाट्याला एवढंच काम आलेलं असल्यामुळे तो ती फार घट्ट धरतो. आज उदगीरच्या एका बाईने मला विचारलं, तुमची कितवी? जसं काही आम्ही यात्रेला निघालो आहोत. दुसरी म्हटल्यावर ती म्हणाली, माझी पाचवी, आणि थोडी ऐसपैस बसली.

गोठवलेला गर्भ आता एकच राहिला आहे, हे तुला माहीत आहे. दोन होते. त्यांना प्रती असतात. पहिला अव्वल होता, हा त्याच्याखालचा. आडतीवर सोयाबीन हातात घेऊन सांगतात तसं प्रयोगशाळेतला माणूस सांगतो. अव्वल सप्टेंबरात गेला. याच्यानंतर काही नाही. मी एकोणचाळीस पूर्ण केली. डॉक्टर विशाखा मॅडम म्हणाल्या की पुन्हा बीजं काढण्यात अर्थ नाही, निघणार नाहीत. हे सांगताना त्या माझ्याकडे न बघता मार्तंडकडे बघत होत्या, जणू शेत त्याचं आहे.

उद्या सकाळी दहा वाजता ठेवणार आहेत.

तू नर्स आहेस, तेव्हा एव्हाना तू बोटं मोजली असशील. पहिलं इंजेक्शन शनिवारी, सहा तारखेला. मग ठेवायचं गुरुवारी, अकराला. सहाव्या दिवशी. गर्भाशयाचं अस्तर तयार करायच्या गोळ्या आधी कितीही दिवस चालतात, पण तेलातलं पहिलं इंजेक्शन गेलं की घड्याळ सुरू होतं. दार सहाव्या दिवशी उघडतं, थोडा वेळ उघडं राहतं, बंद होतं. हे मला तूच समजावलं होतंस, आपल्या लातूरच्या स्वयंपाकघरात, भेंडी चिरताना. मी म्हणाले होते, मला वाचता येतं. तू भेंडी चिरत राहिलीस.

मग उद्या का? कारण मॅडमनी माझ्या अस्तराबद्दल एक निष्कर्ष काढला आहे. मागच्या वेळी तीन सप्टेंबरच्या सोनोग्राफीत, म्हणजे इंजेक्शन सुरू व्हायच्या आधीच, अस्तर पांढरट दिसलं होतं. तीन रेघा दिसायला हव्या होत्या, त्या पुसट होत्या. मॅडम आता म्हणतात की माझं अस्तर लवकर पिकतं. काही बायकांचं असतं असं. म्हणून या वेळी दोन दिवस आधी. मार्तंड गाडीत म्हणाला, तुझं अस्तरसुद्धा तुझ्यासारखंच, घाईचं. आणि हसला. तो बँकेत चांगला अधिकारी आहे असं सगळे म्हणतात.

या वेळी तीन रेघा स्वच्छ दिसल्या. मॅडमनी त्या बघितल्या, पण मागचा कागद जास्त मनावर घेतला. डॉक्टरला एकदा कारण सापडलं की तो ते सोडत नाही. त्यात त्यांची चूक किती आणि माझी किती, ते पुढे येईल.

तुझी पिशवी चांगली आहे. झाकण गळत नाही.

अक्षरा तेलाची कुपी फ्रिजवरच्या ट्रेमधून उचलते आणि तशीच भरते. थंड. तू ती ब्लाउजमध्ये खोचून पंधरा मिनिटं हिंडायचीस. मला ते किळसवाणं वाटायचं. मग ओढायला जाड सुई, टोचायला दुसरी. बॉलपेनने फुली. "अक्का, वजन डाव्या पायावर टाका. उजवा सैल. आणि महालक्ष्मीच्या सोळा भाज्या मोजा." मी म्हणायचे, हा काय पोरकटपणा. तू म्हणायचीस, "मोजा तर. कशाला घाबरूलालात?" भोपळा, दोडका, कारलं, पडवळ, आणि तू कापूस दाबत असायचीस. पाचवी भाजी मला कधी म्हणावी लागली नाही.

अक्षराच्या वेळी आज मी सोळा मोजल्या.

मला अक्का म्हणू नकोस, ताई म्हण, असं मी तुला तुझ्या लग्नाच्या पहिल्या महिन्यात सांगितलं होतं. अक्का खेडवळ वाटतं, कॉलेजातल्या बायका हसतील, असं कारण दिलं. तू हाव म्हणालीस आणि पुन्हा अक्काच म्हणालीस. अकरा वर्षं. मला वाटायचं तुला कळत नाही.

आईंची तब्येत ठणठणीत आहे. आपल्या या सासूबाईंचा तुला निरोप मात्र काही नाही, अपेक्षा करू नकोस. मी निघताना याच गुरम्माबाईंनी माझ्या ओटीत नारळ घातला आणि म्हणाल्या, या वेळी परक्याचा हात आहे, हुईल समदं चांगलं. परक्याचा हात, म्हणजे तुझा नाही. भाडोत्री परका चालतो, घरातला नाही. मी नारळ घेतला. नमस्कारही केला. वाकताना माझ्या मनात त्यांच्याविषयी काय होतं ते लिहिलं तर हे पाकीट पोस्टात फाटेल.

आता भाद्रपदाबद्दल.

तुला जे माहीत आहे ते आधी लिहिते. अकरा वर्षं महालक्ष्मीचे मुखवटे तू उंबऱ्यातून आत आणलेस. मी थोरली, पण मुखवटे लेकुरवाळीच्या हातात. असं कोणी म्हणत नव्हतं. आई फक्त पेटी उघडायच्या आणि तुला हाक मारायच्या. मी त्या वेळी कोथिंबीर निवडत असायचे. मनात म्हणायचे, पितळेचे दोन चेहरे, धडाच्या जागी पत्र्याच्या कोथळ्या, त्यांना साड्या गुंडाळायच्या, समोर त्यांची दोन पिल्लं ठेवायची आणि तीन दिवस सगळ्या घराने येड्यासारखं वागायचं. मी एमएला पहिली आले होते. मला त्याचं काय?

यंदा आईंनी पेटी उघडली नाही. आधी मला बोलावलं. म्हणाल्या, "यंदा थोरली आणील. तुझ्या पोटात ठेवायचंय ना काई ते. तिच्या हातानं आली तर ऱ्हाईल." तू दारात उभी होतीस. तू म्हणालीस, "बरूबर हाय की. अक्काच आणतील." आणि दुधाचं पातेलं उतरवायला गेलीस. मी तुझ्या चेहऱ्यावर जळफळाट शोधला. सापडला नाही, तर लपवतेय असं धरून चालले.

ही शुक्रवारची गोष्ट, एकोणतीस ऑगस्टची. महालक्ष्मी रविवारी यायच्या होत्या.

शनिवारी सकाळी मला डाग दिसला.

मॅडमनी सांगून ठेवलं होतं की अस्तराच्या गोळ्यांवर कधी थोडा डाग पडतो, घाबरू नका, फोन करा. फोन करायचा होता, एवढंच. पण आपल्या घरात डागाला डाग म्हणत नाहीत. डाग पडला की मी चार दिवस बाजूला. मग मुखवटे तुझ्याकडे. मी फोन हातात घेतला होता. तो पर्समध्ये टाकला आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेले.

काउंटरवर माझ्या आधी दोघी होत्या, दोघी त्याच कामाला. मालकाने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "महालक्ष्मीचीच ना?" मी मान हलवली. भाद्रपदात तो ती पट्टी खालून काढून वरच ठेवतो, शाळा सुरू होताना वह्या ठेवतात तशी. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या. चिठ्ठी लागत नाही, नाव सांगावं लागत नाही. कॉलेजात याच गोळ्यांवर मी मुलींसमोर बोलले आहे. देवीला बाईचं रक्त चालत नाही आणि बाईच्या हातची चव चालते, असं एक वाक्य मी वापरते. त्यावर मुली टाळ्या वाजवतात.

दिवसाला तीन. शनिवार ते मंगळवार. बारा गोळ्या. शेवटच्या दोन दुसऱ्या पट्टीतल्या.

डाग थांबला. रविवारी मी न्हाले, सोवळ्याची साडी नेसले आणि मुखवटे घेतले. तू आतून विचारलंस, रीतीप्रमाणे, कोण आलं? मी म्हणाले, महालक्ष्मी आल्या. कशाच्या पावलानं आल्या? सोन्याच्या पावलानं. कशाच्या पावलानं आल्या? लेकराबाळांच्या पावलानं.

मी हे मोठ्याने म्हणाले. आवाज कापला नाही. मला आनंद झाला होता, शिवकन्या. तो तसा झाला होता हे मला अजून सहन होत नाही. आईंनी माझ्या पायांवर पाणी घातलं, आणि एमएला पहिली आलेली बाई उंबऱ्यावर उभी राहून खूश झाली.

त्या गोळीत जे असतं ते इंजेक्शनच्याच जातीचं असतं. घड्याळ शनिवारी सुरू झालं. तू बुधवारी, तीन तारखेला पहिलं इंजेक्शन दिलंस तेव्हा ते चार दिवस चालून गेलेलं होतं. आठ तारखेला गर्भ ठेवला तेव्हा दार केव्हाच बंद झालं होतं. गुरुवारी चार तारखेला मी वर्गात हजेरी घेत असताना ते उघडलं असेल. अव्वल प्रतीचा तो, बंद दारावर नेऊन ठेवला.

तीन तारखेला मॅडमनी पडद्याकडे बघत विचारलं होतं, "दुसरं काही औषध घेतलंत?" मी म्हणाले, नाही. त्यांनी रक्त तपासलं. त्या गोळीचं औषध त्या तपासणीत दिसत नाही, हे मी नंतर वाचलं. तेव्हा मला वाटलं, सुटले.

आणि तूही विचारलं होतंस. त्याच संध्याकाळी, कुपी ब्लाउजमध्ये खोचून. "अक्का, म्हालक्ष्मीसाठी म्हणून गोळ्याबिळ्या तर न्हाई ना घेतल्या?" मी काय म्हणाले ते तुला आठवत असेल. मी म्हणाले, देवीसाठी गोळ्या गिळायला मी काय तुझ्यासारखी अडाणी आहे? तू म्हणालीस, "तसं न्हाई, इचारलं आपलं." मग म्हणालीस, वजन डाव्या पायावर टाका.

तीन आठवड्यांची रजा टाकून तू लातूरला राहिलीस. दोन्ही मुलांची शाळा बुडवून. एकदाच, वडिलांना बघायला अहमदपूरला गेलीस, येताना एसटी चाकूरजवळ बंद पडली आणि पाचचं इंजेक्शन साडेसहाला झालं. तू दारातूनच कुपी मागितलीस, चप्पल न काढता. दीड तासाने काहीही बिघडत नाही. हे तुला माहीत होतं, मला माहीत होतं. मॅडमनी फोनवर विचारलं तेव्हाही मला माहीत होतं.

वीस सप्टेंबर. रक्ताचा कागद आला, नाही असा. फोन स्पीकरवर होता, मार्तंडला सगळं स्पीकरवर लागतं. मॅडमनी विचारलं, इंजेक्शनं वेळेवर झाली ना सगळी? मी म्हणाले, एक दिवस उशीर झाला होता. माझी जाऊच इंजेक्शन देते, घरी. आई तांदूळ पाखडत होत्या. त्यांचं सूप थांबलं.

मी खोटं एकही अक्षर बोलले नाही. याचा मला त्या वेळी थोडा अभिमानही वाटला.

दुसऱ्या दिवशी आईंनी मुखवट्यांची पेटी माळ्यावरून काढायला लावली आणि तुला तिच्यावर हात ठेवायला सांगितला. म्हण, औषध पुरं टोचलं. म्हण, मनात काई नव्हतं. भीमाशंकर भिंतीकडे बघत होता. मार्तंड म्हणाला, आई, राहू दे, आणि पेपर उचलला. मी दिवाणावर बसून सीताफळ खात होते. तू हात ठेवलास आणि म्हणालीस, "पुरं टोचलं." आई म्हणाल्या, "आन् मनात?" तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. बराच वेळ. मी बी बशीत टाकली. तिचा आवाज झाला.

गोळ्यांचं तू ओळखलं होतंस. नर्सला एवढं कळतं. तू तोंड उघडलं असतंस तर मी तुला तिथेच खोटं पाडलं असतं, माझ्याकडे शब्द जास्त आहेत. तेही तुला कळलं होतं. तू म्हणालीस, "मनात काई नव्हतं," आणि आत जाऊन पिशव्या भरल्या. शेकायची पिशवी माझ्या खोलीत होती. ती घ्यायला तू आली नाहीस.

इतके दिवस मी या घरातल्या प्रत्येकाला मनात पायरीपायरीने खाली बसवत आले. आई अंधश्रद्ध. मार्तंड पोकळ. भीमाशंकर शेळपट. तू अडाणी. मी सगळ्यात वरच्या पायरीवर बसून चुकीच्या दिवशी बारा गोळ्या गिळल्या.

माफी मागत नाही. मागितली की तू देशील, आणि मग मला तुझ्या चांगुलपणाची चीड येईल. मला स्वतःची खात्री आहे.

उद्याचं एवढंच आहे. मी बोलले नाही तर दहा वाजता शेवटचा गर्भ दोन दिवस लवकर, कच्च्या अस्तरावर जाईल, आणि मागच्या वेळच्या गोळ्या कोणाला कळणार नाहीत. अपयशाचं कारण माझं अस्तर असेल. अस्तरावर कोणी हात ठेवून शपथ घ्यायला लावत नाही. बोलले तर गुरुवारपर्यंत थांबतील आणि त्याला संधी मिळेल. पण मग मार्तंडला कळेल, मॅडमना कळेल, आईंना कळेल. तुझा हात आळातून सुटेल.

हे इतकं सरळ आहे. तरी मी खिडकीशी उभी राहून तासभर लिहिते आहे आणि अजून ठरलेलं नाही. खाली मार्तंड गाड्यावर भजी खातो आहे. त्याने वर बघून हात केला. मीही केला.

पत्र आज बंद करत नाही.

मंगळवार, ९ डिसेंबर

सकाळी साडेनऊला मॅडमना सांगितलं. मार्तंड शेजारच्या खुर्चीत होता, फाइल मांडीवर. मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, किती गोळ्या? मी म्हणाले, बारा. त्यांनी प्रयोगशाळेत फोन करून गर्भ बाहेर काढू नका म्हणून सांगितलं. गुरुवारी अकराला ठेवतील. मार्तंड उठून गेला. फाइल खुर्चीत राहिली, ती मी उचलली.

आईंना मी स्वतः फोन केला, स्पीकरवर नाही. शनिवारची पट्टी, उंबरा, सगळं सांगितलं. शिवकन्याचा हात स्वच्छ होता, असंही म्हणाले. कणीक भिजवायची राहिली म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

मार्तंड खाली गाडीत बसला आहे, काचा वर करून. पाच वाजता अक्षरा समोर हॉस्पिटलात ड्यूटीवर येईल. कुपी मी आत्ताच ट्रेमधून उचलून आणली आहे आणि ब्लाउजमध्ये खोचली आहे. पिशवी यासोबत पाठवत नाही. अजून लागते.

अक्का